मंदिराच्या भिंतीच्या दोन बाजू

आपल्या धाराशिव जिल्ह्यातून पोटापाण्यासाठी मुंबईस गेलेला मनुष्य सणासुदीला गावी परतला की, त्याच्या बोलण्यात चर्चगेट हे नाव हटकून येते. परंतु ते चर्च कोणते आणि ते गेट कोठे, असे त्यास विचारले तर उत्तर देणारा विरळा. मुंबईच्या जुन्या कोटाला तीन दरवाजे होते. त्यांपैकी ज्या दरवाजातून मंदिराकडे वाट जात असे, त्यास चर्चगेट म्हणत. १८६० नंतरच्या काही वर्षांत कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या. दरवाजा गेला, त्याचे नाव मात्र आगगाडीच्या स्टेशनास चिकटून राहिले. मंदिरही राहिले. आजच्या हॉर्निमन सर्कलजवळ ते उभे आहे व संत थोमा कॅथीड्रल या नावाने ओळखले जाते. ज्या मंदिरात बिशपाचे आसन असते त्यास कॅथीड्रल म्हणतात. एके काळी मुंबईच्या रस्त्यांचे मैल याच मंदिरापासून मोजीत असत, आणि ती मोजणी दाखविणारे कोरीव दगड शहरात अजूनही काही ठिकाणी पाहावयास मिळतात.

या मंदिराची कथा आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहोत, ती जुन्या दगडांच्या कौतुकासाठी नव्हे. तिच्यातून एक प्रश्न निघतो, आणि तो खेड्यातील प्रत्येक मंडळीस कधी ना कधी सोडवावा लागतो. ज्यांनी देवासाठी घर बांधले त्यांच्याच हातून घोर अन्याय घडला असेल, तर त्या घरास आपण काय समजावे? ते पवित्र की अपवित्र? आपल्या उपदेशक बंधूंना पारावर बसलेले लोक कित्येकदा म्हणतात, "तुमचा धर्म तो साहेबाचा, साहेबाने राज्य घेतले आणि जाता जाता देऊळ बांधून गेला." असे ऐकले म्हणजे आपल्यापैकी कोणी रागावतो, कोणी मान खाली घालतो, तर कोणी विषय बदलतो. या तिन्हींपैकी एकही उत्तर नव्हे. उत्तर द्यावयाचे तर आधी घडले काय ते नीट माहीत करून घेतले पाहिजे.

मुंबई बेट १६६१ च्या विवाहकरारात पोर्तुगालच्या राजाकडून इंग्लंडच्या राजाकडे आले, आणि १६६८ साली राजाने ते ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. पुढे जेराल्ड आँजियर हा गव्हर्नर झाला. त्याच्या कारकिर्दीत, १६७६ च्या सुमारास, इंग्रजांच्या उपासनेसाठी मंदिराचा पाया घातला गेला. १६७७ साली आँजियर सुरतेस मरण पावला आणि काम जागच्या जागी थांबले. भिंती सुमारे पंधरा फूट उंचीपर्यंत आल्या होत्या. तशाच त्या जवळजवळ चाळीस वर्षे पावसात भिजत व उन्हात तापत उभ्या राहिल्या. अलेक्झांडर हॅमिल्टन नावाच्या एका स्कॉटिश नाविकाने आपल्या प्रवासवृत्तांत असे लिहून ठेवले आहे की, मंदिरासाठी जमलेले पाच हजार पौंड पुढच्या अंमलात सर जॉन चाइल्ड याने आपल्या खासगी कामी लावले आणि त्या पैशाचे पुन्हा नावही निघाले नाही. हॅमिल्टनचे चाइल्डशी वाकडे होते, म्हणून त्याचा शब्द न् शब्द प्रमाण मानावा असे आम्ही म्हणत नाही. तथापि भिंती अर्धवट राहिल्या होत्या, ही गोष्ट कोणास नाकारता आली नाही. ती सर्वांच्या डोळ्यांपुढे उभी होती.

१७१४ साली रिचर्ड कॉब नावाचा तरुण पाळक कंपनीचा चॅपलेन होऊन मुंबईस आला. किल्ल्यातील एका खोलीत उपासना चालते आणि बाहेर मंदिराच्या भिंती पडीक आहेत, हे पाहून त्याचे मन विषण्ण झाले. १७१५ साली त्याने उपदेशातून हा विषय काढला, वर्गणी सुरू केली आणि चार्ल्स बून हा गव्हर्नर असताना जुन्या पायावर नवे काम चढविले. १७१८ च्या नाताळाच्या दिवशी मंदिर उपासनेसाठी उघडले. गव्हर्नर व त्याचे कौन्सिल थाटाने आले. बसण्याच्या जागा दर्जाप्रमाणे ठरविल्या होत्या. अधिकारी कोठे, व्यापारी कोठे, कोणाच्या बायका पुढे व कोणाच्या मागे, सर्व नेमून दिलेले होते.

त्या दिवशी मंदिराभोवती एतद्देशीयांचा मोठा समुदाय जमला होता. कॉबने स्वतः त्याची नोंद केली आहे. त्या समुदायात रामा कामाठी नावाचा मुंबईतील एक प्रतिष्ठित गृहस्थ आपल्या सर्व जातबांधवांसह आला होता. तो शेणवी जातीचा. कंपनीची त्याने बहुत वर्षे सेवा केली होती व तिच्या शिपायांवर त्याचा अधिकार चालत असे. वाळकेश्वराच्या देवळाचा १७१५ च्या सुमारास जीर्णोद्धार झाला, त्यातही त्याचा हात होता. हा मनुष्य परधर्मीयांच्या उपासनेची शिस्त व गांभीर्य पाहून इतका संतुष्ट झाला की, आपल्या लोकांसह तो ती संपेपर्यंत उभा राहिला, असे कॉब सांगतो. बंधुभगिनींनो, हे चित्र क्षणभर मनात धरा. आत नेमलेल्या आसनांवर राज्यकर्ते बसले आहेत आणि भोवती आपल्या मुलखातील लोक आदराने उभे आहेत. आत वाचले जाणारे शब्द त्यांस कळले नसतील. परंतु येथे देवाचे नाव घेतले जात आहे, इतके कळण्यास भाषा लागत नाही.

त्याच सुमारास कंपनीचे मराठ्यांचे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्याशी युद्ध चालले होते. १७१८ च्या नोव्हेंबरात, म्हणजे नाताळाच्या थोडेच आधी, खांदेरी बेटावर इंग्रजांनी केलेली चढाई फसली. अपयश आले म्हणजे आपली चूक शोधण्यापेक्षा फितूर शोधणे मनुष्यास सोपे वाटते. संशय रामा कामाठीवर आला. आंग्र्यांशी त्याने गुप्त पत्रव्यवहार केला असा आरोप ठेवण्यात आला. त्याच्या कारकुनाच्या अंगठ्यांना लोखंडी पेच लावले. वेदना असह्य झाल्या तेव्हा जे हवे होते ते त्याच्या तोंडून निघाले. त्याच्या नावाची पत्रे पुढे करण्यात आली. ऐकीव गोष्टी पुरावा म्हणून घेण्यात आल्या. १७२० साली त्याला दोषी ठरवून कैदेत टाकले व त्याची मालमत्ता जप्त केली. १७२८ साली तो कैदेतच मरण पावला. ती पत्रे बनावट होती, हे पुढे उघडकीस आले. परंतु तोवर ज्याला न्याय द्यावयाचा तो मनुष्य उरला नव्हता.

मंदिर उघडल्याला तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. ज्या गव्हर्नराने त्या नाताळी आत बसून गुडघे टेकले, त्याच्याच अंमलात भोवती उभ्या राहिलेल्या मनुष्याचा असा नाश झाला. न्यायसभेत बसणाऱ्यांनी रविवारी मंदिरात जाणे सोडले असेल, असे मानण्यास काही कारण दिसत नाही. बहुधा तेच ओठ आधी प्रार्थना म्हणत होते आणि नंतर शिक्षा फर्मावीत होते.

शास्त्र वाचणाऱ्यास येथे नाबोथाची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ईजबेलेने अहाबाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मुद्रा केली, खोटे साक्षी उभे केले, आणि नाबोथाचा प्राण व द्राक्षमळा दोन्ही घेतले. त्या कथेतील एक बारीक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. ते दुष्कृत्य करण्यापूर्वी गावात उपास जाहीर केला होता! म्हणजे अन्याय हा धर्म सोडून घडला नाही. धर्माचे वस्त्र पांघरून घडला. म्हणून खोट्या पत्रांची व बनावट मुद्रांची गोष्ट वाचताना, ती दूरच्या काळातील व दूरच्या लोकांची आहे असे आपण म्हणू नये. जेथे जेथे उपासना होते तेथे तेथे हा धोका दाराशी उभा असतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अशा मंदिराचे काय समजावे? या प्रश्नाला लोक सामान्यतः दोन उत्तरे देतात.

पहिले उत्तर असे की, तीनशे वर्षांपूर्वीचे मढे उकरून काय मिळणार? मंदिर देवाचे आहे, बांधणाऱ्यांचा हिशेब देव पाहील, आपण उपासना करावी व स्वस्थ असावे. या उत्तरात नम्रता दिसते, परंतु तिच्या आड आळस लपलेला असतो. आपल्याकडे बापाचे शेत मुलाच्या नावे होते तेव्हा सातबाऱ्यावरील बोजाही त्याच्याच माथी येतो. "कर्ज मी काढले नाही, शेत तेवढे माझे," असे म्हणणाऱ्या मुलास तलाठी हसेल. अहाबाने स्वतः एकही पत्र लिहिले नव्हते, एकही धोंडा उचलला नव्हता. तरी एलीया संदेष्टा त्याला भेटला तो राजवाड्यात नव्हे. मळ्याचा ताबा घेण्यास तो निघाला, तेव्हा त्या मळ्यातच देवाचे वचन त्याच्यापुढे उभे राहिले. जो ताबा घेतो त्याला प्रश्न विचारला जातो, हा त्या कथेचा धडा आहे.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. ते मंदिर परक्यांचे, सत्तेचे, अन्यायाचे. त्याच्याशी आपला संबंध नाही. नव्हे, त्याची लाजच धरावी. या उत्तरात न्यायाची चाड दिसते, परंतु येथेही एक सोय करून घेतलेली असते. दोष पूर्णपणे दुसऱ्याच्या अंगावर ढकलला की आपण आपोआप शुद्ध ठरतो. प्रभूने परूशांस याच गोष्टीबद्दल दोष दिला होता. ते संदेष्ट्यांच्या कबरी सजवीत, आणि आम्ही आमच्या पूर्वजांच्या काळी असतो तर त्यांचे रक्त सांडण्यात भागी झालो नसतो, असे म्हणत. इतके म्हणून ते स्वतः काय करण्याच्या बेतात होते, हे आपणास ठाऊक आहे.

शिवाय दुसरे उत्तर शेवटास नेले तर पृथ्वीवर उपासनेस जागाच उरणार नाही. शलमोनाने मंदिर बांधले ते इस्राएलातून तीस हजार माणसे बिगारीस लावून. त्याच्या मागे लोकांनी रहबामाकडे जू हलके करण्याची विनंती केली, ती त्याने झिडकारली आणि राज्य दुभंगले. प्रभु येशूच्या काळचे मंदिर हेरोद राजाने वाढविले व शृंगारले होते, आणि हेरोद तर स्वतःच्या पुत्रांना ठार करविणारा. तरीही बारा वर्षांचा येशू त्या मंदिरास आपल्या पित्याचे घर म्हणाला. पुढे तेथेच त्याने सराफांचे चौरंग उलथले. तेथेच, देणग्यांच्या पेटीजवळ बसून, दोन दमड्या टाकणारी विधवा त्याने पाहिली. आणि या इमारतीचा दगडावर दगड राहणार नाही असेही त्यानेच सांगितले. बांधणारा दुष्ट होता म्हणून त्याने ते घर टाकले नाही, आणि ते पित्याचे घर होते म्हणून तेथील चोरी झाकलीही नाही. आपल्या प्रश्नाचे तिसरे उत्तर येथे सापडते.

हे उत्तर आमच्या जिल्ह्यातील मनुष्यास समजावून सांगण्यास एक दृष्टांत हाताशी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जो भूकंप झाला, त्याने लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर व आपल्या जिल्ह्यातील उमरग्याकडील गावे जमीनदोस्त केली. सुमारे आठ हजार माणसे गेली. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्यापुढे त्याचे वर्णन करण्याची गरज नाही. पडलेली घरे दगडमातीची होती व त्यांच्या भिंती हातभर, दोन हातभर जाडीच्या होत्या. इतक्या जाड भिंती कशा पडल्या, याचा तपास जाणत्या लोकांनी केला तेव्हा एक कारण पुढे आले. त्या भिंती दिसायला एक असल्या तरी खरे पाहता दोन होत्या. बाहेरच्या अंगाने दगड रचलेले, आतल्या अंगाने दगड रचलेले, आणि मध्ये माती व कपच्या भरलेल्या. दोन्ही अंगांस बांधून ठेवणारा, भिंतीतून आरपार जाणारा लांब दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. धरणी हादरली तेव्हा भिंत उभी फुगली, दोन पदर सुटे झाले, आणि वरचा मातीचा जड धाबा झोपलेल्या माणसांवर कोसळला. म्हणून पुढे घरे बांधताना व जुनी मजबूत करताना, आरपार दगड घाला असे गवंड्यांना मुद्दाम शिकविण्यात आले.

१७१८ च्या त्या मंदिराच्या चुनेगच्चीत काही उणे नव्हते. ती आजवर टिकली आहे. परंतु जे लोक त्यात बसले त्यांच्या जीविताची भिंत अशीच दुपदरी होती. आतल्या अंगाला उपासना, बाहेरच्या अंगाला राज्यकारभार. आतल्या अंगाला स्तोत्रे, बाहेरच्या अंगाला अंगठ्याचा पेच. दोहोंना बांधणारा आरपार दगड नव्हता. रविवारी जे ऐकले ते सोमवारी कचेरीत पोहोचत नव्हते. अशा भिंतीची जाडी पाहून कोणी फसू नये. कॉबची उपासना खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. रामा कामाठीला जो आदर वाटला तोही खोटा नव्हता. परंतु जी उपासना मंदिराच्या भिंतीतून बाहेर जात नाही, ती देवास मान्य होत नाही. संदेष्ट्यांनी हेच परोपरीने सांगितले आहे: हात अन्यायाने भरलेले असता सणवार व गायने परमेश्वरास नकोशी होतात.

येथे कोणी म्हणेल, त्या मंदिरात काय वाईटच घडले? चांगले काहीच नाही? आहे, आणि तेही सांगितले पाहिजे. नाहीतर आम्हीच अर्धी साक्ष देणारे ठरू. त्याच मंदिरात जोनाथन डंकन या गव्हर्नराचे स्मारक आहे. १७९५ पासून १८११ साली मरेपर्यंत तो मुंबईचा गव्हर्नर होता. त्याआधी बनारसेस आणि नंतर काठेवाडात काही कुळांमध्ये जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची चाल होती, ती बंद करण्यासाठी तो झटला. त्याच्या स्मारकावर त्या कामाची आठवण कोरलेली आहे. ज्या मुली जगल्या त्यांना त्याचे नाव ठाऊक नसेल. पण त्या जगल्या. हे खरे पुण्य, आणि ते नाकारणे हाही अन्यायच होईल.

परंतु पुण्याची ही रक्कम जमेस धरून पापाची रक्कम खोडता येते काय? वाण्याच्या वहीत जमा व नावे यांची वजाबाकी होते, कारण रुपया कोणाचाही असला तरी तो रुपयाच. माणसांचे तसे नाही. काठेवाडातील मुलगी वाचली म्हणून मुंबईच्या कैदेत मेलेल्या मनुष्याला न्याय मिळाला असे होत नाही. एकाचे देणे दुसऱ्याला दिल्याने फिटत नाही. जे चांगले घडले त्याबद्दल आभार मानावेत, जे वाईट घडले त्याबद्दल पश्चात्ताप करावा, आणि एकाने दुसरे झाकू नये.

हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. अमेरिकेजवळच्या कॅरिबियन समुद्रातील बेटांवरही त्याच काळी इंग्लंडच्या मंडळीची मंदिरे उभी राहत होती. जमेका बेटावरील स्पॅनिश टाउन येथील मंदिर वादळाने पडल्यावर १७१४ साली पुन्हा बांधले गेले व १८४३ साली ते कॅथीड्रल झाले. त्या बेटांवरील धन उसाच्या मळ्यांतून येई, आणि मळे चालत ते आफ्रिकेतून बांधून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर. बार्बाडोस बेटावर तर इंग्लंडच्या एका सुवार्ताप्रसारक संस्थेच्याच मालकीचे कॉड्रिंग्टन नावाचे मळे होते, आणि तेथील गुलामांच्या छातीवर काही काळ संस्थेच्या नावाचा तापलेला शिक्का उमटविला जाई. सुवार्ता सांगणाऱ्यांच्या नावाचा शिक्का! १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी बंद करण्याचे ठरले तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई मंजूर झाली. ती मालकांना मिळाली. गुलामांना एक पैसाही नाही. २००६ साली इंग्लंडच्या मंडळीच्या महासभेने या पापातील आपल्या वाट्याबद्दल क्षमा मागितली. सभेत बसलेल्यांपैकी कोणीही एकही गुलाम पाळला नव्हता. तरी त्यांनी बोजा आपल्या सातबाऱ्यावर आहे असे मान्य केले. नुसत्या शब्दांनी तो फिटला असे नव्हे. परंतु कर्ज कबूल केल्याशिवाय फेडीस आरंभ होत नाही. जक्कयानेही आधी आपल्या तोंडाने कबूल केले, मग चौपट परत देण्याचे वचन दिले.

आता आम्ही आपल्या अंगणात येतो, कारण परक्याच्या पापावर लिहिणे सोपे आहे. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. कंपनीचे गव्हर्नर येथे बसले नाहीत. तेव्हा वाचक म्हणेल, आमच्या पत्र्याच्या छपराच्या प्रार्थनामंदिराशी या कथेचा काय संबंध? संबंध असा की, त्या कथेतील एकूणएक गोष्ट आमच्याकडेही घडू शकते. फक्त तिचे माप लहान असते.

मंदिरासाठी गोळा झालेले पाच हजार पौंड नाहीसे झाले असे हॅमिल्टन म्हणतो. आपल्या मंडळीच्या कापणीच्या सणाची धान्यदेणगी विकून आलेले पैसे कोणाजवळ आहेत, आणि त्यांचा हिशेब वर्षातून एकदा तरी सर्वांपुढे वाचला जातो काय? त्या मंदिरात आसने दर्जाप्रमाणे होती. १९११ साली बादशहा पंचम जॉर्ज व राणी मेरी जेथे बसले त्या खुर्च्याही तेथे जपून ठेवल्या आहेत. आपल्याकडे खुर्ची एकच असते. पण गावचा पुढारी आला की ती कोणाला मिळते, आणि शेतावर मजुरी करणारी म्हातारी कोठे बसते, हे याकोबाचे पत्र वाचणाऱ्याने पाहावे. बनावट पत्रावर एक मनुष्य बुडाला. आपल्याकडे बांधाच्या किंवा विहिरीच्या वादात, "आपल्या माणसासाठी" म्हणून चावडीवर वा कोर्टात खोटी साक्ष देणारा मनुष्य पुढच्या रविवारी प्रभुभोजनास बसतो काय, आणि बसला तर वडील मंडळी त्याच्याशी बोलतात काय? आणखी एक विचारतो. आपल्यातील कित्येकांचे आजे-पणजे गावच्या देवळाच्या पायरीबाहेर उभे केले जात. ते दुःख आपल्या घरात अजून सांगितले जाते, आणि सांगितले जावेच. पण ज्यांच्या वाडवडिलांनी बाहेर उभे राहण्याचे दुःख भोगले, त्यांनी आपल्या दाराशी कोणाला उभे केले तर ते दुप्पट पाप होईल.

हे प्रश्न ज्या मंडळीत मोकळेपणाने विचारता येतात, तिच्या भिंतीत आरपार दगड आहे असे समजावे. ज्या मंडळीत ते विचारणारा मनुष्य मंडळीचा शत्रू ठरतो, तेथील भिंत कितीही रुंद असो, ती दोन पदरांची आहे.

पारावरील प्रश्नकर्त्यास काय सांगावे, तेही आता सांगता येईल. उपदेशक बंधूंनी त्याच्याशी वाद घालू नये, आणि मानही खाली घालू नये. सरळ म्हणावे, "होय, ते मंदिर राज्यकर्त्यांनी बांधले. त्यांच्यापैकी काहींनी निरपराध मनुष्याचा नाश केला. त्याचे नाव रामा कामाठी. तो तुमच्या धर्माचा होता, आणि आमच्या मंदिराचा त्याने आदर केला होता. त्याच्यावर अन्याय झाला हे आम्ही कबूल करतो, कारण ज्या देवाला आम्ही भजतो तो खोट्या साक्षीचा द्वेष करणारा आहे." इतके बोलण्याने सुवार्तेची हानी होईल अशी भीती कोणी बाळगू नये. सत्य सांगितल्याने जी पडते ती सुवार्ता नव्हे. ती केवळ आपली अब्रू. आणि शास्त्राने तरी दाविदाचे पाप कोठे झाकले आहे?

मुंबईचे ते मंदिर १८१६ साली बिशप मिडलटन याने विधिपूर्वक प्रतिष्ठित केले आणि १८३७ साली त्यास कॅथीड्रलचा मान मिळाला. राज्य गेले, राज्यकर्ते गेले. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली, तेव्हापासून ते तिच्याकडे आहे. म्हणजे आज त्याचा ताबा आपल्याच देशातील ख्रिस्ती लोकांकडे आहे. आत संगमरवरी दगडांवर कंपनीच्या सेनानींची, नाविकांची व अधिकाऱ्यांची नावे दाट कोरलेली आहेत. पहिल्या नाताळी भोवती उभ्या राहिलेल्यांची कथा तेथे जाणाऱ्याने आपल्याबरोबर आत न्यावी. आपल्यापैकी कोणी मुंबईस गेला आणि चर्चगेटास उतरला, तर त्याने थोडी वाट वाकडी करून तेथे जावे. आत बसून देवाचे आभार मानावेत, डंकनसाठीही मानावेत. मग बाहेर येऊन भिंतीजवळ क्षणभर उभे राहावे, जेथून रामा कामाठीने ती उपासना शेवटपर्यंत ऐकली असेल, आणि त्याचे नाव घ्यावे.

पूर्वी त्या मंदिरापासून रस्त्यांचे मैल मोजीत. प्रत्येक मंदिरापासून काही ना काही मोजले जातेच. आपल्या प्रार्थनामंदिराच्या उंबऱ्यापासून चावडीपर्यंत, विहिरीपर्यंत, शेजाऱ्याच्या बांधापर्यंत किती अंतर आहे, हे येत्या रविवारी उपासना संपवून घरी जाताना प्रत्येकाने आपल्याशी मोजून पाहावे.